लागू नसेल ते खोडा

आमच्या इंग्रजीच्या सरांना शब्दांच्या जोड्या लावायची भारी हौस होती. ते अमरावतीकडचे. सुरतेत येऊन पंधरा वर्षं झाली होती, पण जिभेवरचं वऱ्हाड काही उतरलं नव्हतं. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला ते फळ्यावर दोन इंग्रजी शब्द लिहायचे, मधे एक उभी रेघ ओढायचे आणि आमच्याकडे वळून म्हणायचे, "सांगा बरं, या दोघायचं भांडण कायचं हाये?" कधी हाऊस आणि होम, कधी लुक आणि सी, कधी हॅबिट आणि हॉबी. शब्दकोशातला अर्थ पाठ करून सांगितला की सर नाराज. "अर्थ तर पुस्तकात हायेच. तू कधी वापरशील ते सांग."

माझ्यासारख्या पोरीला हा तास म्हणजे मेजवानी होती. मी वर्गात हुशार होते आणि हे मला माहीत होतं, ही त्यातली वाईट गोष्ट. नववीत असताना एका शनिवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, पेरेंट. रेघेच्या पलीकडे, गार्डियन. ही जोडी त्यांनी आमच्या प्रगतीपत्रकावरून उचलली होती. शाळा मराठी माध्यमाची, पण प्रगतीपत्रक इंग्रजीत छापलेलं, का ते छापणाऱ्यालाच ठाऊक. त्याच्या खाली एक रिकामी रेघ असायची आणि तिच्याखाली बारीक अक्षरात हे दोन शब्द, मधे तिरपी काडी.

मी हात वर केला आणि ऐटीत सांगितलं, "सर, पेरेंट जन्म देतात. गार्डियन सही करतात."

सर आधी हसले, मग म्हणाले, "शंभरातून शंभर." वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी बमरोलीच्या आमच्या चाळीत घरी येईपर्यंत जमिनीला पाय लावला नाही. पण घरी आल्यावर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. घरात माझ्या प्रगतीपत्रकावर सही करणारी बाई चुलीपुढे बसली होती, आणि तिला हे सांगावं असं मला वाटेना.

ती माझी मामी. मी चार-साडेचार वर्षांची असताना धुळ्याकडच्या आमच्या गावात आईचं तिसरं बाळंतपण फार जड गेलं. आई अंथरुणाला खिळली. तेव्हा तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, सुरतेहून तिला भेटायला आला आणि जाताना मला घेऊन गेला. चार महिन्यांसाठी. आई उठून हिंडू-फिरू लागल्यावर मला परत पोचवायचं असं ठरलं होतं. आई उठली, पण हातात एक तान्हं, पायात एक रांगतं, आणि तोवर मी इकडे रुळले होते. चार महिन्यांची अकरा वर्षं कशी झाली हे विचारलं तर आमच्या दोन्ही घरांत कुणालाच नीट सांगता येणार नाही. दिवाळीत आणि मे महिन्यात मी गावी जायची, आई मला जवळ घेऊन बसायची, आणि आठ दिवसांनी मला मामीची आठवण यायला लागायची. हे आईला कळत असणार. ती कधी बोलली नाही.

मामा लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होता. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. मामी घरी साड्यांचे सुटलेले धागे कापायचं काम आणायची. आमच्या खोलीत कायम कुणाच्या तरी लग्नाच्या साड्यांचा ढीग असायचा आणि आम्ही त्यातल्या एकीलाही हात पुसत नसू. एवढी शिस्त मामीची.

मला पहिलीत घालायची वेळ आली तेव्हा चाळीतल्या एका जाणत्या माणसाने मामाला सांगितलं की बाप महाराष्ट्रात असला तर इथली शाळा पोर घेत नाही. गावाकडचे कागद मागतात, मग तिकडच्या कचेरीचे खेटे, मग वर्ष बुडतं. हे कितपत खरं होतं देव जाणे. पण आमच्या लोकांत अशी एखादी गोष्ट चाळीत एकदा पसरली की ती सरकारी हुकुमापेक्षा पक्की. मामाने आधी रेशनकार्डावर मला नुसतं 'मुलगी' एवढंच लिहून चढवलं आणि ते कार्ड घेऊन तो आणि मामी मला शाळेत घेऊन गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, "बापनुं नाम?" मामाने छाती काढून आपलं स्वतःचं नाव सांगितलं आणि वर म्हणाला, "मन्ही आंडेर शे, लिखी ल्या." आंडेर म्हणजे मुलगी. हा प्रसंग मामा पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना रंगवून सांगायचा.

तर अशी मी कागदावर मामाची मुलगी झाले. माझ्या नावापुढे मामाचं नाव आणि त्याच्यापुढे मामाचं आडनाव. यातली गंमत मला सातवीत कळली. आमच्यात मामाची मुलगी करायची पद्धत आहे. आत्याच्या मुलाचा तिच्यावर पहिला हक्क. म्हणजे कागदावर पाहिलं तर माझा सख्खा भाऊ माझा आतेभाऊ झाला होता आणि त्याने मागणी घातली असती तर कुणाला नाही म्हणता आलं नसतं. मी हे मामीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की हातातली कात्री खाली ठेवावी लागली.

आता सहीचं सांगते. दुसरीत पहिल्यांदा प्रगतीपत्रक घरी आलं, दुसऱ्या दिवशी सही करून परत आणायचं होतं. मामा रात्रपाळी करून आलेला, दुपारी झोपलेला. लूमवरच्या माणसाची झोप म्हणजे देवघर. आमच्या चाळीत दुपारी दोन वाजता भांडणंसुद्धा दबक्या आवाजात व्हायची. संध्याकाळी तो उठायचा, भाकरी खाऊन निघून जायचा. मामीने त्याला उठवायला साफ नकार दिला. मी रडायला लागले. मग मीच तोडगा काढला. पाटीवर मामाचं नाव लिहिलं, तीन अक्षरं, आणि मामीला म्हटलं, तू काढ.

मामीला अक्षर येत नव्हतं. शाळेचं तोंडच पाहिलं नव्हतं तिने. पण हात सुईचा. गोधडीवर टाका घालावा तशी ती एकेक अक्षर घालायची, पेन्सिल घट्ट धरून, जीभ दातांत पकडून. तासाभरात तिला ती तीन अक्षरं आली. आणि मग माझ्या डोक्यात प्रश्न आला, कारण मी तेव्हाही तशीच होते. मामी नवऱ्याचं नाव घेत नसे. आमच्याकडच्या बायका घेत नाहीत. लग्नकार्यात उखाणा घ्यायला लावला तर गोष्ट वेगळी, एरवी "तुन्हा मामा" किंवा "त्या", म्हणजे ते. त्याच्या नावाने सुरू होणारा सणसुद्धा ती आडवळणाने सांगायची. मी म्हटलं, "मामी, तू तर त्याचं नाव घेत नाहीस. मग लिहिलं कसं चालतं?"

ती म्हणाली, "हात काय बोलस?"

हात काही बोलत नाही. हा न्याय मला पटला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रगतीपत्रकावर, सहलीच्या परवानगीवर, आजारपणाच्या चिठ्ठीवर मामीने मामाच्या नावाची सही केली. आठवीत मी मोठ्या शाळेत गेले, तेव्हा प्रवेशाचा अर्जही मी भरला आणि सही मामीने केली. मामाच्या हातची सही त्या शाळेत एकही नव्हती. आम्हाला यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही. घरातलं प्रत्येक काम कुणीतरी करतं, हे काम मामी करायची.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर बोर्डाचे फॉर्म आले. सर आमचे वर्गशिक्षकही होते. त्यांनी बजावून सांगितलं, "आता जे नाव जाईल ते जन्मभराचं. नोकरी लागो, लग्न होवो, हेच नाव विचारतीन. ज्याच्या नावात काही चूक असन त्यानं आठ दिवसांत सांगा." पोरं एकमेकांच्या नावातल्या वेलांट्या काढून दाखवत होती. मी गप्प बसले होते. माझ्या नावात वेलांटी नव्हती चुकलेली, बापच दुसरा होता.

मी घरी काही बोलले नसते. खरं सांगायचं तर मला ते नाव हवं होतं. पण मामाला ते टोचत होतं. त्यानेच गावी पत्र टाकलं आणि चौथ्या दिवशी माझे वडील आले. त्यांना मी आप्पा म्हणायची. येताना बाजरीचं पीठ, सुकवलेली मिरची आणि आईने माझ्यासाठी केलेले लाडू घेऊन आले. खाटेच्या अगदी कडेला बसले, परक्या घरात बसतात तसे. माझ्याकडे बघून म्हणाले, "मोठी व्हई गई." अकरा वर्षं दर दिवाळीत ते हेच म्हणत आले होते.

मग विषय निघाला. आप्पा मामाला म्हणाले, "पोरना लगीनमा कोणतं कूळ सांगसूत? कागदवर मामानं आडनाव, पत्रिकावर बापनं. लोके काय म्हनतीन?" जातीचा दाखलाही आप्पांच्या नावानेच निघणार होता, तो गावाकडूनच मिळायचा, आणि तो नसला तर पुढच्या शिक्षणात अडायचं. आप्पा रागावले नव्हते. उलट त्यांना मामाचे उपकार वाटत होते आणि ते बोलताना त्यांचा आवाज खाली जात होता. मामा मान हलवत होता. तो म्हणाला, चूक माझीच, मी सुधारून देतो. दोघं पुरुष एकमेकांना समजून घेत होते.

मला संताप आला. कशाचा ते तेव्हा सांगता आलं नसतं. आप्पा म्हणत होते त्यात काही खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त आला. मला वाटलं ओरडून विचारावं, मला गोवर आला तेव्हा तुम्ही कुठे होतात? मला पोहायला येत नसताना मी तापीत पाय घसरून पडले तेव्हा कोण ओरडलं होतं? पण मी लाडू खात बसले. लाडू चांगले होते, आईच्या हातचे, आणि त्याचीही मला लाज वाटत होती.

आप्पांनी शेवटी मामीकडे पाहिलं. ती धागे कापत होती. ते म्हणाले, तुमचं काय म्हणणं आहे? मामीने मान वर केली नाही. "माले काय इचारतस? पोर तुमनी शे." आणि कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी मामाने पाळी बुडवली. कोर्टाजवळ टंकलेखन करणारे बसतात, त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं, की मी या मुलीचा बाप नसून मामा आहे, चुकून माझं नाव लागलं. मग मामा, आप्पा आणि मी शाळेच्या ऑफिसात गेलो. तिथले कारकून वयस्कर गुजराती गृहस्थ होते, चष्मा कपाळावर, कामाला चोख. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, कपाटातून माझा आठवीचा प्रवेशअर्ज काढला, दोन्हींवरच्या सह्या शेजारी ठेवल्या आणि चष्मा खाली ओढला.

"आ सही तमारी नथी," ते मामाला म्हणाले.

मामा चाचरला. त्याने तो प्रवेशअर्ज कधी पाहिलाच नव्हता. कारकुनांनी माझी तीन वर्षांची प्रगतीपत्रकं काढली. सगळ्यांवर तीच टाके घातल्यासारखी सही, आणि प्रतिज्ञापत्रावर मामाची घाईघाईची, शेवटचं अक्षर शेपटीसारखं लांबवलेली. दोन्हीकडे नाव एकच. हात मात्र दोन. कारकुनांनी आम्हा तिघांना एकेक करून निरखलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. तीन वर्षं कुणीतरी एक माणूस या मुलीचा बाप म्हणून सही करतो आहे. आज दुसराच माणूस त्याचं नाव सांगत आला आहे आणि तिचा बाप बदलायला मागतो आहे. सोबत तिसरा आहे, तो म्हणतो बाप मी. पोरींची वयं आणि नावं बदलून लग्नं लावून देणारे लोक त्यांनी पाहिले होते. ज्याची ही सही आहे त्याला घेऊन या, त्याच्याशिवाय मी अर्ज घेणार नाही, असं सांगून त्यांनी फाईल मिटली. फॉर्मला दोन दिवस उरले होते.

बाहेर आल्यावर मी मामाला सगळं सांगितलं. तो व्हरांड्यात खाली बसला. रागावेल असं वाटलं होतं. पण तो एवढंच म्हणाला, "बठ्ठा सह्या तिन्ह्याच?" मी म्हटलं, सगळ्या.

मामीला दुसऱ्या दिवशी घेऊन गेलो. तिने लग्नातली जांभळी साडी नेसली, डोक्यावर पदर घेतला. माझ्या या मोठ्या शाळेत ती पहिल्यांदाच येत होती. पालकसभेला ती कधी आली नाही, मला तिथे बोलता येत नाही म्हणायची, आणि मीही कधी आग्रह केला नाही. का केला नाही हे मला ठाऊक आहे. मैत्रिणींच्या आया गुजराती बोलायच्या, पर्स घ्यायच्या.

कारकुनांनी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला. सही करा, बेन. मामीने पेन घट्ट धरलं, जीभ दातांत पकडली, आणि तीन अक्षरं काढली. काना, मात्रा, शिरोरेघ, सगळं हुबेहूब. कारकुनांनी जुन्या सहीवर नवी ठेवून उजेडात धरून पाहिलं. पटली. त्यांचा चेहरा सैल झाला. मग त्यांनी सहज विचारलं, "आ कोनुं नाम छे, बेन?"

मामी गप्प.

त्यांनी पुन्हा विचारलं. हे जे नाव तुम्ही आत्ता लिहिलं, ते कोणाचं? वाचून सांगा. मामीने पदर पुढे ओढला आणि भिंतीकडे पाहिलं. कारकुनांचा आवाज चढला. स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि नाव सांगता येत नाही? कोणी शिकवून पाठवलंय तुम्हाला? मामा तिच्या शेजारी उभा; तो आणि मी सांगायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवलं, जिने लिहिलं तिनेच सांगायचं. आप्पा खाली बघत होते. मला कळत होतं की ती काय करते आहे, आणि मला हेही कळत होतं की ती मेली तरी ते नाव उच्चारणार नाही, त्यातून नवरा समोर उभा असताना. माझा बोर्डाचा फॉर्म, माझं वर्ष, सगळं त्या तीन अक्षरांवर अडलं होतं.

तेवढ्यात खडू घ्यायला सर ऑफिसात आले. त्यांनी एकदा मामीकडे पाहिलं, एकदा मामाकडे, एकदा कागदाकडे, आणि मोठ्याने हसले. "अहो साहेब, नवऱ्याचं नाव हाये ते. ती कशी घेईन? माह्या मायनं मतदानाच्या यादीत नाव शोधताना बापाचं नाव नाही घेतलं तर तुम्ही काय इथं घेऊन रायले." मग त्यांनी गुजरातीत सगळं समजावून सांगितलं. कारकून आधी चिडून, मग नवलाने ऐकत राहिले. शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला आणि शिपायाला सगळ्यांसाठी चहा सांगितला. आमच्या घरातला कुणीही त्या शाळेत प्यायलेला तो पहिला चहा.

पण काम अजून संपलं नव्हतं. शाळेच्या नोंदीत सही ज्या व्यक्तीची आहे तिने अर्जावर आपण कोण ते लिहून द्यायला हवं होतं. छापील अर्ज इंग्रजीत होता. खाली तेच दोन शब्द, पेरेंट आणि गार्डियन, मधे तिरपी काडी, आणि शेजारी सूचना, लागू नसेल ते खोडा. मामीला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, म्हणून तिच्या नावापुढे अंगठा घेतला. मग कारकून म्हणाले, आता यातलं एक खोडा. मामीने पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिला कुठे काय लिहिलंय ते कळत नव्हतं. सरांनी हलकेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू खोड," ते म्हणाले. "तुले दोन्हीतला फरक माईत हाये."

माहीत होता. पण त्या घटकेला मला वाटलं की मला काही म्हणजे काहीच माहीत नाही. मी वर्गात टाळ्या घेतल्या होत्या त्या कशासाठी? जिने मला खरूज झाली तेव्हा कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळी घातल्या, जिच्या कुशीत झोपल्याशिवाय मला दहा वर्षांची होईपर्यंत झोप आली नाही, तिला मी या दोन शब्दांतला कोणता लावू? खरा तर मला माहीत होता. कागदाला हवा होता तोही माहीत होता. मी पेन घेतलं आणि पेरेंट या शब्दावर रेघ ओढली. रेघ इतकी हलकी आली की कारकुनांनी आपल्या पेनाने तिच्यावरून पुन्हा गडद ओढली.

"काय खोडं तू?" मामीने विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. पण मामीला मी कधी खोटं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, "जन्म देणारे, ते खोडलं. सांभाळणारे, ते ठेवलं."

तिने मान हलवली, तांदळाचा भाव ऐकावा तितक्या शांतपणे. "बराबर शे. जलम मी कोठे दिन्हा?" आणि पदराला अंगठ्याची शाई पुसायला लागली. आप्पांनी तोंड फिरवलं. आप्पांना तिच्या पाया पडावंसं वाटलं असेल. मला त्या क्षणी त्यांच्यावर राग उरला नाही, ते बिचारे आपलंच मूल मागायला आले होते आणि तरी चोरासारखे उभे होते.

कारकुनांनी नवीन नाव लिहून खात्रीसाठी मोठ्याने वाचून दाखवलं. आधी माझं नाव, मग आप्पांचं, मग आमचं आडनाव. मी पहिल्यांदाच ते तिन्ही एका ओळीत ऐकलं आणि ते दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

बाहेर आलो. मामा आणि आप्पा पुढे चालत होते, दोघं विडी पेटवायला थांबले. मामी माझ्या बरोबर होती. रस्त्यावर तागे भरलेल्या टेम्पोंची रांग लागली होती, आम्ही कडेला थांबलो. तिने हळूच विचारलं, "पुढलं नाव नई खोडं ना त्यासनी?"

"नाही मामी. पुढलं माझं आहे ना, तेच राहतं. मागचं बदललं."

"बरं व्हयनं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ते मी ठेयेल शे."

मला समजेना. मी धरूनच चालले होते की माझं नाव आप्पांनी ठेवलं असणार, नाहीतर आत्याने पाळण्यात. मामीने सांगितलं, तू इथे आलीस तेव्हा बारशाचं कुणाला सुचलंच नव्हतं, गावाकडे सगळे तुला नुसतं पोरी म्हणायचे. शाळेत कारकुनाने मुलीचं नाव विचारलं आणि तुझ्या मामाची बोबडी वळली. बापाचं नाव छाती काढून सांगितलं, पोरीचं माहीत नाही. "मंग मी सांगं."

"तुला कसं सुचलं गं एकदम?"

टेम्पो पुढे सरकला. ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "सुचानं काय? मन्हा पोटे आंडेर उनी तर तिले ठेवसू, असं कवयनं मनमा धरेल व्हतं."

मी तिथेच रडायला लागले, भर रस्त्यात, सरांनी शंभरातून शंभर दिलेली हुशार मुलगी. स्वतःच्या पोटच्या मुलीसाठी जपून ठेवलेलं नाव तिने एका कारकुनाच्या टेबलापुढे उभं राहून मला देऊन टाकलं होतं आणि तेव्हापासून दिवसातून पन्नास वेळा ती मला त्या नावाने हाक मारत होती. पाणी भर, अभ्यासाला बस, जेवायला ये. आणि मी तीन-तीन हाकांनंतर वैतागून ओ द्यायची.

मामी रस्ता ओलांडून पलीकडे गेली. मी मागेच उभी आहे हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने वळून, त्या सगळ्या गोंगाटात, मला हाक मारली. मी पहिल्या हाकेला ओ दिली.